रेघेचा पेला

मित्रांनो, मी एक जुना स्टीलचा पेला आहे आणि मला एका निळ्या बाटलीचा हेवा वाटतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे माझ्या बोलण्यात ते डोकावणारच आहे. स्वतःची गोष्ट सांगताना जरा मोठं मन ठेवावं, असं म्हणतात. माझं मन लहान आहे. मुळात मीच लहान आहे, त्याला कोण काय करणार?

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्र्याच्या गोल चकतीवर यंत्राचा दट्ट्या आदळला आणि त्या एका फटक्यात मला पोट आलं. मग कुणीतरी माझा काठ वळवला, मला घासून चकचकीत केलं आणि माझ्यासारख्याच पाच जणांबरोबर खोक्यात बसवलं. भांड्यांच्या दुकानातून आम्ही एका शिंप्याच्या घरी आलो. त्यांना सगळे मास्तर म्हणत. खाली रस्त्यालगत त्यांचं शिलाईचं दुकान, आतल्या अरुंद जिन्याने वर गेलं की दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. आम्ही सहा पेले स्वयंपाकघरातल्या फळीवर ओळीने पालथे असायचो. सगळे सारखे. पाहुणा आला की हाताला लागेल तो उचलला जायचा. मला ना कुणी वेगळा ओळखायचं, ना मला तशी हाव होती. हाव नंतर लागली.

मास्तरांना ब्लडप्रेशर होतं आणि ते कित्येक वर्षं त्यांनी अंगावर काढलं. ग्राहकाची उंची, छाती, कंबर त्यांना तोंडपाठ, पण स्वतःचं ब्लडप्रेशर कधी मोजलं नाही. जेव्हा मोजलं तेव्हा दोन्ही किडन्या जवळजवळ संपलेल्या होत्या. आठवड्यातून तीनदा डायालिसिस सुरू झालं. लघवी हळूहळू बंदच झाली. म्हणजे प्यायलेलं पाणी बाहेर जायला वाट नाही, ते अंगातच साठणार, पाय सुजणार, छातीत भरणार. डॉक्टरांनी पाण्याला माप घालून दिलं.

त्या दिवशी मास्तरांच्या बायकोने फळीवरून एक पेला उचलला. तो मी होतो. मास्तरांनी कापड कापायच्या मोठ्या कात्रीचं टोक माझ्या पोटात आतून फिरवलं आणि एक आडवी रेघ ओढली. कर्र असा आवाज झाला, अंगावर काटा आला, पण मित्रांनो, त्या रेघेने मी सहातला एक राहिलो नाही. मी मास्तरांचा पेला झालो. बाकीच्या पाच जणांचा जळफळाट मला फळीवरून ऐकू यायचा आणि खरं सांगतो, मला तो आवडायचा.

चार वर्षं मी त्या घरात मान मिळवला. दिवसातून ठरल्या वेळी बाई मला रेघेपर्यंत भरायच्या, रेघेच्या वर एक थेंब नाही. मास्तर मला दोन्ही हातांत धरायचे. घोट तोंडात घ्यायचे, या गालातून त्या गालात फिरवायचे आणि मग गिळायचे. पाणी संपलं की जीभ वरच्या ओठावरून डावीकडून उजवीकडे हळूच फिरवायचे, तिथे काही राहिलं असेल तर तेही जावं म्हणून. तहान म्हणजे काय हे तुम्हाला उन्हात खेळून आल्यावर जेवढं कळतं, तेवढं ते नसतं. ती तहान पाणी पिऊनही जात नाही आणि शेजारी नळ वाहत असतो.

“अगं, एक घोट दे,” मास्तर म्हणायचे.

“नाही,” बाई म्हणायच्या.

“अर्धा दे.”

“अहो, नाही म्हटलं ना.”

मग ते चिडायचे. कधी रागाने मला टेबलावर आदळायचे. माझ्या बुडाला आजही एक पोचा आहे तो त्यातलाच. बाई मला उचलायच्या, विसळायच्या आणि पालथा घालायच्या. पाण्यासारखंच पोटॅशियमही अंगात साठून हृदयावर येऊ नये म्हणून बटाट्याच्या फोडी पाण्यात भिजवून ते पाणी फेकून द्यायच्या, केळं घरात येऊ द्यायच्या नाहीत, संत्र्याचं सालही नाही. मास्तरांची मोठी बहीण, ताई, बेकरीत काम करायची. ती आली की भावाचे सुकलेले ओठ बघून तिच्या डोळ्यांत पाणी यायचं.

“दे ना गं त्याला थोडं,” ती बाईंना म्हणायची. “एवढी काय तू दगड झालीस?”

बाई तिलाही नाहीच म्हणायच्या. शेजारीपाजारी त्यांना कडक म्हणत. मी त्यांना कडक म्हणत नसे. आम्ही दोघं एकाच कामावर होतो.

आणि मग ताईने किडनी दिली.

तपासण्या जुळल्या तेव्हा तिने क्षणाचाही विचार केला नाही म्हणे. ऑपरेशन झालं, किडनी बसवली आणि तिथल्या तिथे तिने काम सुरू केलं. मास्तर घरी आले ते चेहऱ्यावर मास्क लावून आणि आनंदाने फुलून. चार वर्षांनी त्यांना लघवी होत होती. तुम्ही हसाल, पण त्या घरात या गोष्टीचं जेवढं कौतुक झालं तेवढं बाळाच्या पहिल्या पावलाचंही होत नसेल. दुकान पुन्हा उघडल्यावर तर मास्तर ग्राहकाच्या खांद्याचं माप घेता घेता सांगायचे, “काय सांगू साहेब, सकाळपासून पाच वेळा जाऊन आलो.” साहेब बिचारे टेपमध्ये अडकलेले, जाणार कुठे.

घरी सोडताना हॉस्पिटलमधल्या नर्सने पुष्कळ गोष्टी सांगितल्या होत्या. भरपूर पाणी प्या. गोळ्या वेळेवर घ्या. या गोळ्यांनी भूक वाढते, रक्तातली साखरही वाढू शकते, तेव्हा गोड जपून, वजन जपून, रोज चाला. त्यातलं पहिलं वाक्य सगळ्यांनी झेललं. चार वर्षं ज्यासाठी जीव टाकला ते वाक्य होतं ते. पुढचं सगळं जिन्यावरच सांडलं.

दुसऱ्याच दिवशी ताई निळी बाटली घेऊन आली.

केवढी ती! मास्तरांच्या मनगटापासून कोपरापर्यंत उंच, धरायला मूठ, झाकणाला नळी. अंगावर वरपासून खालपर्यंत छापील रेघा, एक सोडून दहा. माझी एक रेघ कात्रीने, रक्त काढल्यासारखी ओढलेली, आणि हिच्या दहा रेघा कारखान्यातून फुकट आलेल्या. शिवाय माझी रेघ सांगायची, याच्या पुढे जाऊ नका. हिच्या रेघा सांगायच्या, चला चला, अजून इथपर्यंत. मग माणूस कुणावर प्रेम करणार?

आता माझं काय करायचं, असा प्रश्न कुणाला पडलाच नाही. मास्तरांनी मला सहज खाली दुकानात नेलं आणि माझ्यात शर्टाची सुटी बटणं ओतली. रेघेच्याही वर. काउंटरवर एका बाजूला मी बटणं घेऊन बसलो आणि दुसऱ्या बाजूला ती निळी उभी राहिली, थंडगार, अंगावर पाण्याचे थेंब मिरवत. मास्तरांचा हात दिवसभर तिच्या मुठीत. मी तिला अक्षरशः पाण्यात पाहत होतो, आणि पाणीही तिच्याचकडे होतं.

दुकानात बसून मला एक मात्र कळलं. जळणारा मी एकटा नव्हतो.

ताई रोज संध्याकाळी बेकरीतून घरी जाताना दुकानात थांबायची. हातात पुडा असायचा. लोण्याची बिस्किटं, केकचे कडेचे तुकडे, गोड रसाची खोकी. “खा रे छोट्या,” ती म्हणायची. “चार वर्षं तोंड बांधून काढलीस.” मास्तर शिलाई मशीनवर बसल्याबसल्या खायचे. गोळ्यांमुळे भूक अशी लागायची की जेवण उतरायच्या आत पुन्हा पोट हाका मारायचं. बाई ताट घेऊन जिना उतरून यायच्या आणि पुडा बघून पायरीवरच थांबायच्या. तोंड उघडायच्या, मिटायच्या. जिने पोटातली किडनी काढून दिली, तिच्या हातातला केक कसा काढून घ्यायचा?

“वहिनी, आता तरी खाऊ दे गं त्याला,” ताई हसत म्हणायची.

“खाऊ दे की,” बाई म्हणायच्या. त्या असं म्हणाल्या की माझ्यातली बटणं मला जड व्हायची.

एकदा मास्तर वर झोपले असताना बाई दुकान झाडायला आल्या. काउंटर पुसता पुसता त्यांनी मला उचललं, बटणांत बोट घालून माझी रेघ चाचपली आणि पुन्हा ठेवून दिलं. मला खूप बरं वाटलं. आपल्यासारखंच आणखी कुणीतरी बाजूला पडलंय, हे कळलं की बरं वाटतं. हे चांगलं नाही, पण वाटतं.

मास्तरांचं अंग भरत चाललं. गाल वर आले, हनुवटीखाली दुसरी हनुवटी आली. जो येईल तो म्हणायचा, “वा मास्तर, तब्येत सुधारली.” डायालिसिसच्या दिवसांत वजन वाढलं की घरात सगळे घाबरायचे, कारण ते वाढलेलं वजन म्हणजे साठलेलं पाणी असायचं. आता पाणी तर साठत नव्हतं. मग हे वजन म्हणजे खरं अंग, असा हिशेब मास्तरांनी मांडला आणि तो सगळ्यांना पटला. त्यांनी स्वतःच्या पँटची कंबर उसवून सैल केली. काही आठवड्यांनी पुन्हा उसवली. तिसऱ्यांदा शिवणीत कापडच उरलं नाही तेव्हा मागे वेगळ्या रंगाची पट्टी जोडली आणि ताईला फिरून दाखवली. दोघं पोट धरून हसली. बाईंनी ती पँट धुवून वाळत घालताना पट्टी आतल्या बाजूला वळवली.

मग ती तहान सुरू झाली.

निळी बाटली दुपारपर्यंत दोनदा रिकामी व्हायला लागली. मग तीनदा. मास्तर मशीन थांबवून आत जायचे, हलके होऊन यायचे, पुन्हा बाटली तोंडाला लावायचे, पुन्हा आत जायचे. दुसऱ्या कुणाच्या घरी असं झालं असतं तर लोक म्हणाले असते, अरे, हे काय चाललंय? इथे उत्सव चालला होता. ज्या घराने चार वर्षं थेंबाथेंबाची वाट पाहिली, त्या घराला हे सगळं वरदान वाटलं.

“काय धावतेय बघ तुझी किडनी,” मास्तर ताईला म्हणायचे.

“कुणाची आहे?” ताई मान ताठ करून म्हणायची.

मला मात्र काहीतरी खटकत होतं. पाण्याने सुखावलेला माणूस मी पाहिला आहे. रेघेपर्यंतच्या पाण्यानेसुद्धा मास्तरांचा चेहरा घटकाभर निवायचा. आता अख्खी बाटली पोटात जायची आणि चेहरा होता तसाच. पण मला तोंड कुठे आहे? म्हणजे तोंड आहे, बोलता येत नाही. आणि बोललो असतो तरी सगळे म्हणाले असते, हा जळतोय म्हणून बोलतोय. तेही खोटं नव्हतं.

तपासणीच्या वेळी एकदा साखर जास्त आली होती. मास्तर म्हणाले, मी येताना चहा बिस्किट खाल्लं होतं, त्यामुळे असेल. हॉस्पिटलने सांगितलं, उपाशीपोटी परत या. तेव्हा नेमके शाळेच्या गणवेशांचे दिवस होते. दुकानात निळ्या चड्ड्यांचे ढीग होते, आया दारात रांगा लावून उभ्या होत्या. “एवढे गणवेश होऊ दे, मग जातो,” मास्तर म्हणाले. ढीग संपेना आणि जाणं होईना.

त्याच दिवसांत मास्तरांना सुईत दोरा ओवता येईनासा झाला. दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करायचे, डोळा बारीक करायचे, दोरा सुईच्या बाजूने निघून जायचा. “चष्म्याचा नंबर वाढला,” ते म्हणाले. बाई शेजारी काज करत बसल्या होत्या. त्यांनी सुई घेतली, ओवून परत दिली. मास्तरांनी बाटली उचलली, तळापर्यंत प्यायली, खाली ठेवली. आणि जीभ वरच्या ओठावरून हळूच फिरवली. डावीकडून उजवीकडे.

बाईंच्या हातातलं कापड खाली पडलं.

त्या उठल्या आणि थेट माझ्याकडे आल्या. मला उचललं आणि काउंटरवर उपडं केलं. बटणं खडखडत पसरली, काही जमिनीवर घरंगळली. मास्तर “अगं अगं” म्हणत राहिले. बाईंनी मला नळाखाली विसळलं, रेघेपर्यंत पाणी भरलं आणि मास्तरांपुढे धरलं.

“प्या.”

“आत्ताच तर प्यायलो की.”

“तरी प्या.”

मास्तरांनी मला एका हाताने घेतलं. गालात फिरवणं नाही, काही नाही, एका दमात रिकामा करून मला परत पुढे केलं. मला धरलेला हात तसाच थांबला होता, आणखी मागत. ते त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. जीभ पुन्हा ओठावरून गेली.

“ही तहान मला माहीत आहे,” बाई म्हणाल्या. “हे सुखाचं पिणं नाही. उठा, दवाखान्यात जायचंय.”

“आणि गणवेश?”

“पोरं जुने घालतील.”

मित्रांनो, चार वर्षं ऐकलेला आणि ऑपरेशननंतर बंद झालेला तो आवाज मी पुन्हा ऐकला. मास्तर उठले.

हॉस्पिटलमध्ये त्यांना ठेवूनच घेतलं. दोन दिवसांनी बाई कपडे न्यायला आल्या तेव्हा ताई दुकानाच्या दारात उभी होती. हातात पुडा होता. बाईंनी तिला आत बसवलं आणि डॉक्टर जे बोलले होते ते तसंच्या तसं सांगितलं. साखर खूप वाढली होती. रक्तात साखर उतू जायला लागली की ती लघवीतून बाहेर पडते आणि जाताना पाणी ओढून नेते. म्हणून ती धावपळ, म्हणून ती तहान. किडनी मजेत होती म्हणून नव्हे. गोळ्यांचा यात हात आहे, पण त्या गोळ्यांनीच किडनी टिकली आहे, म्हणून स्वतःच्या मनाने एकही गोळी सोडायची नाही, त्यांचं काय ते डॉक्टरच बघतील. आपल्या हातात आहे ते वजन आणि खाणं. आणि साखर अशीच राहिली तर ती या नव्या किडनीलाही पोखरेल.

ताई बराच वेळ पुड्याची सुतळी बोटाला गुंडाळत राहिली.

“म्हणजे माझी किडनी मीच...” ती म्हणाली आणि थांबली.

“एकट्या तुम्ही नाही. मी बघत होते ना,” बाई म्हणाल्या. “रोज पायरीवर उभी राहून बघत होते. बोलले नाही.”

“का नाही बोललीस?”

“कशी बोलणार? तुम्ही त्यांना किडनी दिलीत, ताई. मी काय दिलं? चार वर्षं नुसतं नाही, नाही, नाही दिलं. तुम्ही आलात की त्यांचा चेहरा उजळायचा. मला बघून ते केक लपवायचे. मला हेवा वाटायचा तुमचा. वाटलं, आता मी काही बोलले तर सगळे म्हणतील, जळते ही.”

मी काउंटरवर कोरडा बसलो होतो. माझ्या मनातलं कुणीतरी एवढं सरळ बोलेल असं मला वाटलं नव्हतं.

ताईने डोळे पुसले. “तुला माझा हेवा?” ती म्हणाली. “अगं, ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्या आल्या त्याने हाक कुणाला मारली माहीत आहे? पोटातली किडनी माझी, आणि हाक तुला. मी शेजारच्या खोलीत पडून ऐकत होते. म्हणून तर रोज पुडा आणायचे. निदान खाताना तरी माझ्याकडे बघेल.”

बाई तिच्याजवळ जाऊन बसल्या. मग ताई म्हणाली, “मला ते नाही म्हणणं शिकव.”

बाईंनी पुडा उचलून समोरच्या चहावाल्याला देऊन टाकला. मला त्यांनी धुतलं आणि वर नेलं.

मास्तर घरी आले ते इन्शुलिनच्या सुया घेऊन. माझ्या मनात आलं होतं की आता तरी त्या निळीची गच्छंती होईल. कसलं काय. डॉक्टरांनी बजावलं होतं, पाणी भरपूर हवंच, फक्त साधं पाणी, गोड काही नाही. त्यामुळे ती जागची हलली नाही. मला नवीन काम मिळालं, भाताचं. शिजलेला भात माझ्यात रेघेपर्यंत भरायचा, बोटाने सपाट करायचा आणि ताटात पालथा घालायचा. तेवढाच. रोज संध्याकाळी ताई बेकरीतून येते ती रिकाम्या हाताने, आणि भावाला फिरायला घेऊन जाते. पँटची पट्टी अजून निघालेली नाही, पण तिच्या टोकाला मास्तरांनी कच्चा टाका घालून ती थोडी आत घेतली आहे. साखर उतरली आहे. कायमची गेली असं डॉक्टर म्हणत नाहीत. जपलं तर किडनी जपली जाईल, एवढंच म्हणतात.

परवा सगळे ताईकडे जेवायला गेले. पिशवीत एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ती निळी. वाटभर ती माझ्या अंगावर कलंडत होती. मला ती अजूनही आवडत नाही.

ताईने स्वतः माझ्यात भात भरला, सपाट केला, भावाच्या ताटात घातला. मास्तरांनी तो संपवला आणि ताट थोडं पुढे सरकवलं. “ताई, अजून थोडा वाढ ना.”

ताईने बाईंकडे पाहिलं. बाई खाली मान घालून जेवत राहिल्या. ताईच्या हातात मी होतो. भाताचं पातेलं समोरच होतं, झाकण उघडं.

तिने मला टेबलावर पालथं ठेवलं.

“नाही, छोट्या,” ती म्हणाली.

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. मग ताट हळूच मागे ओढून ते हात धुवायला उठले. ताई तिथेच बसली होती. “फार जड जातं गं,” ती म्हणाली. “पुढे सवय होते का?”

बाईंनी तिच्या हातावर हात ठेवला. “नाही होत,” त्या म्हणाल्या.

मित्रांनो, तुमच्याही घरात असं कुणीतरी असेल, जे तुम्हाला दुसरा घास, दुसरा पेला नाकारतं. त्याच्यावर रागवा हवं तर. मला आदळलंत तरी चालेल, एक पोचा आहे त्यात दुसरा. पण त्याच्यापासून काही लपवून खाऊ नका, आणि त्याला बटणं भरून कोपऱ्यात ठेवू नका. तुम्ही ताट मागे ओढून उठून जाता, तेव्हा ते माणूस तिथेच बसलेलं असतं आणि त्याच्याही घशाखाली घास उतरत नसतो.